बाल्टिमोरची ब्रिन मॉर शाळा : उत्तीर्ण झाल्याखेरीज प्रमाणपत्र नाही

दौतटाक

अमेरिकेतील मुलींच्या जुन्या खाजगी शाळांविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले जाते, त्यात या शाळा म्हणजे श्रीमंत घरांतील मुलींना फ्रेंच, पियानो आणि चारचौघांत वावरण्याची रीत शिकवणाऱ्या संस्था असे चित्र उभे राहते. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक शाळांपुरते ते खोटेही नाही. पण १८८५ साली मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरात सुरू झालेली ब्रिन मॉर शाळा त्या चित्रात बसत नाही, कारण तिने एक अशी अट घातली होती जी त्या काळी मुलांच्या शाळांतही सहसा आढळत नसे. फिलाडेल्फियाजवळच्या ब्रिन मॉर महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज कोणत्याही मुलीला शाळा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र मिळणार नाही, मग ती पुढे महाविद्यालयात जाणार असो वा पुढच्याच वर्षी तिचे लग्न ठरलेले असो. माझ्या मते या शाळेचा सारा मोठेपणा आणि सारा वाद या एका अटीत सामावलेला आहे, म्हणून हा धागा.

ही अट का घातली गेली हे समजण्यासाठी त्या वेळच्या स्त्रियांच्या महाविद्यालयांची अडचण पाहावी लागते. व्हॅसार १८६५ मध्ये उघडले, वेलस्ली आणि स्मिथ १८७५ मध्ये. स्त्रियांना पुरुषांच्या तोडीचे उच्च शिक्षण द्यायचे असा त्यांचा निर्धार होता; पण येणाऱ्या मुलींना लॅटिन, ग्रीक आणि गणित पुरेसे येतच नसे, कारण ते शिकवणाऱ्या शाळाच मुलींसाठी नव्हत्या. परिणामी व्हॅसारला स्वतःच्याच आवारात पूर्वतयारीचे वर्ग काढावे लागले आणि ते वीस वर्षांहून अधिक काळ चालले. वेलस्लीनेही तेच केले. स्मिथने मात्र असे वर्ग काढणार नाही असे ठरवले आणि पहिल्या वर्षी तिथे अवघ्या १४ विद्यार्थिनी आल्या. वरचा मजला बांधून झाला आणि जिन्याचा पत्ता नाही, अशी ती अवस्था होती. ब्रिन मॉर महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झाले तेव्हा हा अनुभव सर्वांच्या डोळ्यांसमोर होता.

शाळा काढणाऱ्या पाच तरुणी होत्या : एम. केरी थॉमस, मेरी गॅरेट, मेमी ग्विन, एलिझाबेथ किंग आणि ज्युलिया रॉजर्स. त्या शुक्रवारी संध्याकाळी एकत्र जमून वाचत, लिहीत, वाद घालत. पाचांपैकी चौघींचे वडील बाल्टिमोरमधीलच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे विश्वस्त होते, आणि त्या विद्यापीठाचे पदवीचे वर्ग मुलींना बंद होते (ते १९७० साली उघडले). ही गोष्ट त्यांना किती खुपत असेल हे थॉमस यांच्या वाटचालीवरून दिसते. कॉर्नेलची पदवी घेऊन त्या १८७७ मध्ये हॉपकिन्समध्ये पुढील अभ्यासासाठी दाखल झाल्या. प्रवेश मिळाला, पण चर्चावर्गांना बसण्याची परवानगी मिळाली नाही. वर्षभराने त्यांनी ते सोडले आणि जर्मनीत लाइपझिग गाठले. लाइपझिग स्त्रियांना पदवी देत नसे, म्हणून त्या झुरिचला गेल्या आणि १८८२ मध्ये सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट घेऊन परतल्या. पुढे त्या ब्रिन मॉर महाविद्यालयाच्या पहिल्या अधिष्ठाता झाल्या आणि १८९४ ते १९२२ अध्यक्ष होत्या.

पैसा प्रामुख्याने मेरी गॅरेट यांचा. त्यांचे वडील जॉन वर्क गॅरेट हे बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचे अध्यक्ष. मुलीची व्यवहारातील समज त्यांना पुरेपूर ठाऊक होती, तिच्याकडून ते चिटणिसाचे काम करून घेत. परंतु महाविद्यालयात जाण्याची तिची इच्छा मात्र पुरी झाली नाही. १८८४ मध्ये वडील वारले आणि संपत्तीचा मोठा वाटा तिच्याकडे आला. त्यातूनच १८९० मध्ये कथीड्रल स्ट्रीटवर शाळेची नवी इमारत उभी राहिली आणि त्या इमारतीत ग्रंथालयाइतकेच महत्त्व व्यायामशाळेला आणि पोहण्याच्या तलावाला होते.

व्यायामशाळेचा मुद्दा वरवरचा नाही. १८७३ मध्ये बोस्टनचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी एक पुस्तक लिहून असे प्रतिपादन केले होते की, वयात येणाऱ्या मुलींनी मुलांसारखा कठोर अभ्यास केला तर त्यांच्या प्रकृतीची आणि प्रजननक्षमतेची हानी होते. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. थॉमस यांनी पुढे कबूल केले आहे की, तरुणपणी त्यांच्या पिढीला ही भीती सतत ग्रासून असे. तेव्हा मुलींना लॅटिन शिकवायचे आणि त्याच छपराखाली धावायला, उड्या मारायला लावायचे, हे डॉक्टरसाहेबांना दिलेले उत्तरच होते.

१८९६ मध्ये एडिथ हॅमिल्टन शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या आणि २६ वर्षे त्या पदावर राहिल्या. त्यांच्याविषयी कोणाला अधिक माहिती असल्यास अवश्य लिहावे. विशेषतः या अटीविषयी इथल्या शिक्षक मंडळींना काय वाटते ते वाचायला आवडेल.

मेरीलँडकर

उत्तम विषय. मी या भागात बरीच वर्षे राहतो, म्हणून एक पुरवणी जोडतो. बाल्टिमोरमध्ये मुलींची सरकारी माध्यमिक शाळा १८४४ पासून आहे. वेस्टर्न हायस्कूल हे तिचे नाव, आणि ती आजही केवळ मुलींसाठी चालते. शिवाय मुलींना महाविद्यालयासाठी तयार करणारी शाळा हा मान शोधायचा तर बोस्टनच्या गर्ल्स लॅटिन स्कूलकडे जावे लागेल. ती १८७८ मध्ये, म्हणजे ब्रिन मॉरच्या सात वर्षे आधी, सरकारी खर्चाने सुरू झाली होती. मग खाजगी शाळेला एवढे श्रेय का द्यावे?

दौतटाक

मेरीलँडकर, दोन्ही मुद्दे रास्त आहेत आणि बोस्टनचा दाखला तर महत्त्वाचाच आहे. 'पहिली' हे विशेषण मी म्हणूनच वापरले नव्हते. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. त्या काळच्या सरकारी मुलींच्या शाळांतून शिकून बाहेर पडणाऱ्या बऱ्याच जणी शिक्षिका होत. ते काम मोलाचे होते, पण त्यासाठी ग्रीक वा वरच्या पातळीचे गणित लागत नव्हते. बोस्टनची शाळा महाविद्यालयाचा अभ्यासक्रम शिकवीत असे, आणि ज्यांना पुढे जायचे त्या मुली तिथे येत. ब्रिन मॉर शाळेकडे ज्या घरांतील मुली येत, त्या घरांना मुलीने पुढे शिकावे असे वाटतच होते असे नव्हे. त्या मुलींनाही परीक्षा सक्तीची करणे हा वेगळा निर्णय होता.

अवंती

एक प्राथमिक शंका. शाळेने स्वतःची परीक्षा घेऊन चालले नसते का? दुसऱ्या संस्थेच्या परीक्षेवर आपल्या विद्यार्थिनींचे भवितव्य सोपवणे मला जरा निष्ठुर वाटते. वर्षभर शिकवणाऱ्या शिक्षिकेला मुलीची जी पारख असते, ती दूरच्या परीक्षकाला कशी असेल?

दौतटाक

अवंती, नेमके हेच माझ्या मनात होते. शाळेने स्वतःची परीक्षा घेतली असती तर काय झाले असते याचा विचार करा. शहरातील वजनदार घराण्याची मुलगी, वडील देणगीदार, मुलगी गोड स्वभावाची पण गणितात कच्ची. मुख्याध्यापिकेवर दबाव येतो, आणि 'मुलीच्या मानाने पुष्कळ आले' असे म्हणून प्रमाणपत्र दिले जाते. अशा सौम्य दयेनेच मुलींच्या शाळांचा दर्जा घसरत होता. ज्याला मुलीचे नाव, घराणे आणि स्वभाव यांपैकी काहीच ठाऊक नाही असा परीक्षक हवा होता, तो याचसाठी. शिक्षिकेची पारख खोटी असते असे मी म्हणत नाही. पण त्या काळी मुलींची पारख करणाऱ्या प्रत्येकाच्या मनात मुलींकडून आधीच कमी अपेक्षा असे, आणि ती वजा करण्याचा दुसरा उपाय संस्थापिकांना दिसत नव्हता.

परीक्षा सोपी नव्हती. ब्रिन मॉर महाविद्यालय इतर शाळांच्या शिफारशींवर विसंबून प्रवेश देत नसे. लॅटिन आणि गणित तर हवेच, वर इतर भाषांची तयारी. कित्येक मुली पहिल्या खेपेला उत्तीर्ण होत नसत आणि पुन्हा बसत. पालकांच्या तक्रारी होत असणारच. १९०० मध्ये अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांनी एकत्र येऊन सामायिक प्रवेशपरीक्षेसाठी मंडळ स्थापन केले. ब्रिन मॉर महाविद्यालय त्याच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होते, आणि त्या मंडळाच्या पहिल्या परीक्षा १९०१ मध्ये झाल्या. आज ज्या परीक्षेसाठी आपल्याकडची मुले अमेरिकेत जाण्यापूर्वी रात्री जागवतात, ती त्याच मंडळाची.

सुलभाताई

या धाग्याला मराठी माणसाच्या माहितीतली एक कडी जोडता येईल. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये पदवीधर झाल्या आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या, हे आपण सगळे शाळेत शिकलो. पण ते महाविद्यालय फक्त स्त्रियांसाठी का होते, हे सहसा सांगितले जात नाही. देशातील बहुतेक मोठी वैद्यकीय महाविद्यालये स्त्रियांना घेत नव्हती, हे त्याचे कारण.

याच मेरी गॅरेट आणि त्यांच्या मैत्रिणींनी ती कोंडी कशी फोडली हे पाहण्यासारखे आहे. जॉन्स हॉपकिन्सचे रुग्णालय उभे राहिले, पण वैद्यकीय महाविद्यालय सुरू करायला विद्यापीठाकडे पैसा उरला नव्हता, कारण मूळ देणगी रेल्वेच्या समभागांत अडकलेली होती आणि त्यांवरचा लाभांश बंद झाला होता. या बायकांनी निरनिराळ्या शहरांत समित्या स्थापून १८९० मध्ये एक लाख डॉलर जमवले आणि विश्वस्तांपुढे ठेवले. अट एकच, स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश. विश्वस्तांनी पाच लाख डॉलर जमल्याशिवाय महाविद्यालय उघडणार नाही असे सांगितले. अखेर गॅरेट यांनी स्वतः तीन लाखांहून अधिक डॉलर घातले, आणि देताना अटी वाढवल्या : प्रवेश घेणाऱ्याकडे आधी महाविद्यालयाची पदवी हवी आणि विज्ञानाचे तसेच फ्रेंच व जर्मनचे ठरावीक ज्ञान हवे. १८९३ मध्ये महाविद्यालय उघडले तेव्हा पहिल्या १८ विद्यार्थ्यांत तीन स्त्रिया होत्या. तिथले प्राध्यापक डॉक्टर ऑस्लर आपल्या सहकाऱ्याला गमतीने म्हणत की, आपण प्राध्यापक म्हणून इथे आलो हे बरे झाले, विद्यार्थी म्हणून आपल्याला प्रवेश मिळाला नसता.

दौतटाक यांनी शाळेच्या अटीविषयी जे लिहिले, त्याचाच हा मोठा आराखडा आहे. स्त्रियांना आत घ्या, आणि सर्वांसाठीच उंबरठा उंच करा, म्हणजे स्त्रियांमुळे दर्जा खाली आला असे म्हणायला कोणाला जागा राहणार नाही. आनंदीबाईंना हे दार उघडलेले पाहायला मिळाले नाही. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या.

तिरकस

सगळे कौतुक वाचले. आता थोडे कडू औषध. 'ज्याला मुलीचे घराणे ठाऊक नाही असा परीक्षक' हे वाक्य ऐकायला सुंदर आहे, पण परीक्षेच्या दालनापर्यंत कोण पोहोचत होते? शुल्क भरू शकणारी, गोरी, बहुतांशी प्रोटेस्टंट घरांतील मुलगी. केरी थॉमस यांचे वंशविषयक विचार काही लपलेले नाहीत. १९१६ मध्ये महाविद्यालयाच्या वर्षारंभाच्या भाषणात त्यांनी गोऱ्या वंशाच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाचा उघड पुरस्कार केला, आणि ज्यू अध्यापकांच्या नेमणुकांना त्यांचा विरोध असे. जेसी फॉसेट यांचे उदाहरण तर बोलके आहे. फिलाडेल्फियाच्या मुलींच्या सरकारी शाळेतून त्या गुणवत्तेने उत्तीर्ण झाल्या. त्या कृष्णवर्णीय होत्या. ब्रिन मॉर महाविद्यालयात त्यांना घेण्याऐवजी त्यांची सोय कॉर्नेलमध्ये व्हावी यासाठी थॉमस यांनी पैसे उभारायला मदत केली. म्हणजे दार बंद ठेवण्यासाठी खिशातून खर्च. फॉसेट १९०५ मध्ये कॉर्नेलमधून सन्मानाने पदवीधर झाल्या आणि पुढे कृष्णवर्णीय लेखकांची एक अख्खी पिढी त्यांनी संपादक म्हणून पुढे आणली. परीक्षा निःपक्षपाती होती, मान्य. परीक्षेला कोण बसणार हे ठरवणारे हात निःपक्षपाती नव्हते.

दौतटाक

तिरकस, यातल्या एकाही वाक्याशी माझा मतभेद नाही, आणि हे धाग्याच्या मूळ लेखातच यायला हवे इतके ते महत्त्वाचे आहे. महाविद्यालयानेही २०१७-१८ मध्ये या इतिहासाची दखल घेऊन ग्रंथालयाच्या जुन्या इमारतीसाठी थॉमस यांचे नाव वापरणे थांबवले.

मला एवढेच म्हणायचे आहे की, या दोन गोष्टी एकमेकींना खोडून काढत नाहीत. लाइपझिगने गुणवत्ता मान्य करूनही पदवी नाकारली, हा अनुभव घेतलेल्या बाईने वीस वर्षांनी दुसऱ्या गुणवान मुलीला तीच वागणूक दिली. हे अज्ञानातून घडले असे म्हणण्याची सोयच नाही. थॉमस यांचे चरित्र वाचताना मला सर्वांत अस्वस्थ करणारी जागा हीच वाटते. पण म्हणून परीक्षेचे तत्त्व चुकीचे ठरत नाही. ते तत्त्व त्यांनी अर्ध्यावर सोडले, असे मी म्हणेन.

गणिती

इतिहासावर चर्चा उत्तम चालली आहे, परंतु मुलींची स्वतंत्र शाळा आज का हवी, याविषयी कोणीच बोलत नाही. अमेरिकेत २०११ मध्ये डायन हॅल्पर्न आणि इतर संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात स्पष्ट लिहिले होते की, मुलामुलींना वेगळे शिकवल्याने अभ्यासात फायदा होतो याला भक्कम पुरावा नाही. २०१४ मध्ये पाल्के, हाइड आणि ॲलिसन यांनी २१ देशांतील १८४ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत एकूण सोळा लाखांवर विद्यार्थी होते. ज्या अभ्यासांत विद्यार्थ्यांची आर्थिक आणि शैक्षणिक पार्श्वभूमी नीट लक्षात घेतली होती, त्यांत फरक नगण्य आढळला. मुलींच्या खाजगी शाळांचे उत्तम निकाल हे बहुतांशी कोण प्रवेश घेते याचे निकाल असतात. माझा स्वतःचा शिकवण्याचा अनुभवही याहून वेगळा नाही.

सुलभाताई

गणिती, आकड्यांविषयी वाद नाही. पण हे अभ्यास आजचे आहेत, जेव्हा सहशिक्षणाच्या शाळेतही मुलीला तेच गणित शिकवले जाते. १८८५ मध्ये पर्याय 'मुलींसोबत की मुलांसोबत' असा नव्हता, 'ग्रीक की भरतकाम' असा होता. दोन काळांची सरमिसळ करू नये.

गणिती

ते मान्य. माझा आक्षेप आजच्या शाळेच्या जाहिरातींवर आहे, १८८५ च्या संस्थापिकांवर नाही.

मेरीलँडकर

आजच्या स्थितीविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. शाळा आता कथीड्रल स्ट्रीटवर नाही. ती उत्तर बाल्टिमोरमध्ये मेलरोज ॲव्हेन्यूवरील मोठ्या, झाडीच्या आवारात गेली, त्यालाही कित्येक दशके झाली. बालवर्गापासून बारावीपर्यंत मुली तिथे शिकतात. शेजारीच मुलांची गिलमन शाळा आणि मुलींची रोलंड पार्क कंट्री स्कूल आहे, आणि वरच्या इयत्तांतील अनेक विषयांचे वर्ग तिन्ही शाळा मिळून चालवतात. म्हणजे अकरावीतील मुलगी भौतिकशास्त्राला रस्ता ओलांडून दुसऱ्या शाळेत जाते आणि मुलांसोबत बसते. गणिती यांच्या प्रश्नाचे उत्तर शाळांनी प्रत्यक्ष व्यवहारात असे अर्धे-अर्धे काढले आहे. वार्षिक शुल्क तीस हजार डॉलरांच्या वर आहे. शिष्यवृत्त्या असतात, तरी सर्वसाधारण नोकरदार कुटुंबाला हा विचार दहा वेळा करावा लागतो. इथल्या मराठी मंडळातील कित्येक पालक चांगला सरकारी शाळा-विभाग पाहून घर घेतात आणि प्रश्नच मिटवून टाकतात.

अवंती

एडिथ हॅमिल्टन यांच्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून मी थोडे लिहिते. त्यांचा जन्म १८६७ चा, बालपण इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे गेले. घरी वडिलांनी लहानपणीच लॅटिन शिकवले. ज्या प्रकारच्या 'रीत शिकवणाऱ्या' शाळांचा दौतटाक यांनी सुरुवातीला उल्लेख केला, तशाच ख्यातीच्या, कनेटिकटमधील मिस पोर्टर यांच्या शाळेत त्या आणि त्यांच्या बहिणी गेल्या. नंतर ब्रिन मॉर महाविद्यालयातून १८९४ मध्ये पदव्या घेऊन धाकट्या बहिणीबरोबर, ॲलिसबरोबर, त्या जर्मनीत शिकायला गेल्या. ॲलिस हॅमिल्टन पुढे कारखान्यांतील विषबाधेवर काम करून १९१९ मध्ये हार्वर्डच्या पहिल्या स्त्री-अध्यापक झाल्या. एडिथ मात्र बाल्टिमोरला आल्या, शाळा चालवली, वरच्या वर्गाला स्वतः लॅटिन कवी व्हर्जिल शिकवला आणि १९२२ मध्ये निवृत्त झाल्या. ग्रीक संस्कृतीवरचे त्यांचे पहिले पुस्तक १९३० मध्ये आले, तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या होत्या. जगाला त्या ठाऊक आहेत त्या निवृत्तीनंतरच्या पुस्तकांमुळे. सव्वीस वर्षे शाळकरी मुलींना अवघड मजकूर सोपा न करता समजावून सांगण्याची सवय झाल्यावरच तशी गद्यशैली येत असावी, असा माझा कयास आहे.

तिरकस

अवंती यांचा प्रतिसाद आवडला. शाळेच्या माजी विद्यार्थिनींपैकी कोणी पुढे शिक्षणक्षेत्रात मोठे काम केले आहे का? परीक्षेच्या सक्तीचे फळ तिथे दिसायला हवे.

दौतटाक

एक नाव ठळक आहे : मिलिसंट केरी मॅकिंटॉश. त्या थॉमस यांच्या भाची. आधी ही शाळा, मग ब्रिन मॉर महाविद्यालय, आणि मग १९२६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचीच डॉक्टरेट. मावशीला चर्चावर्गात बसू न देणाऱ्या विद्यापीठाने १९०७ मध्ये पदव्युत्तर अभ्यास स्त्रियांना खुला केला होता. त्यानंतर मॅकिंटॉश न्यूयॉर्कच्या ब्रिअर्ली या मुलींच्या शाळेच्या प्रमुख झाल्या आणि १९४७ पासून बर्नार्ड महाविद्यालयाच्या. पाच मुलांची आई असलेली बाई महाविद्यालय चालवते, याचे त्या काळी वृत्तपत्रांना फार अप्रूप होते. सक्तीचे फळ म्हणाल तर अशा घरातील मुलगी सक्तीविनाही शिकलीच असती. ज्या मुली केवळ अटीमुळे लॅटिन शिकल्या, परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि लगेच लग्न करून संसाराला लागल्या, त्यांचे पुढे काय झाले याची नोंद कोणत्याही यादीत सापडत नाही. त्यांच्या मुलींना शाळेत घालताना त्यांनी काय आग्रह धरला, एवढे कळले असते तरी तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळाले असते.

हुजूरपागेचा विषय काही जणांनी मला व्यक्तिगत संदेशात सुचवला आहे. तो स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. जाणकारांनी त्यावर वेगळा धागा काढावा, मी तिथे वाचायला येईन.